न झालेला आजार मोजायचा कसा? प्रतिबंधक कार्यक्रमाची चाचणी आखणाऱ्या नवख्यांसाठी

बडोद्यात सामुदायिक आरोग्याचा अभ्यास करणारे पदव्युत्तर विद्यार्थी आणि शाळांमधून काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचे पहिले वाक्य असे असते: "मॅडम, कार्यक्रम तयार आहे, आता चाचणीचे तेवढे बघायचे आहे." पुस्तिका छापून झालेली असते, शिक्षकांचे प्रशिक्षण ठरलेले असते आणि काही वेळा दोन शाळांची परवानगीही हातात असते. अशा वेळी मला त्यांना चार पावले मागे न्यावे लागते, आणि त्याचे त्यांना वाईट वाटते हे मला दिसते. म्हणून ही आखणी कोणत्या क्रमाने करावी, ते इथे एकदा सविस्तर लिहीत आहे.

औषधाच्या चाचणीत रोगी समोर असतो. तो बरा होतो किंवा होत नाही. प्रतिबंधाच्या चाचणीत समोर धडधाकट माणसे असतात आणि कार्यक्रम यशस्वी झाला तर काहीच घडत नाही. मुलगा तंबाखूचा मावा खायला लागत नाही, गृहस्थाला मधुमेह होत नाही, बाळ दगावत नाही. न घडलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नसल्यामुळे, कार्यक्रम नसता तर काय झाले असते हे दाखवणारा दुसरा गट जवळ असल्याशिवाय आपल्याला काहीच सांगता येत नाही. पुढची प्रत्येक पायरी या एका अडचणीतून निघते.

उदाहरण म्हणून शाळेतल्या मुलांना तंबाखूपासून दूर ठेवण्याचा कार्यक्रम घेऊ. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातले 28.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले, आणि त्यात धुरापेक्षा चघळण्याच्या तंबाखूचा वाटा मोठा होता. गुजरातमध्ये 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. पण पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात चोळून दिला जाणारा मावा सहज मिळतो, त्यामुळे आपल्या शहरात हा विषय मुलांच्या अगदी जवळचा आहे.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

"तंबाखूविरोधी जनजागृतीचा परिणाम अभ्यासणे" हा हेतू झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात पाच गोष्टी हव्यात: कोणासाठी, काय करणार, कशाच्या तुलनेत, कोणते फलित आणि किती काळाने. आपल्या उदाहरणात तो असा होईल: "बडोद्यातील महानगरपालिका व अनुदानित शाळांमधील सहावीच्या मुलामुलींना दोन वर्षे वर्गातील सत्रे दिली, तर नेहमीचाच अभ्यासक्रम चालू असलेल्या शाळांच्या तुलनेत, आठवीत असताना गेल्या तीस दिवसांत तंबाखू वापरलेल्या मुलांचे प्रमाण कमी असते का?"

यात सहावी ही इयत्ता मुद्दाम निवडली आहे. गुजरातमध्ये प्राथमिक शाळा आठवीपर्यंत असते आणि नववीला मुले दुसऱ्या शाळेत जातात. आठवीत कार्यक्रम सुरू करून दोन वर्षांनी मोजायला गेलात, तर तुमची मुले शहरभर विखुरलेली असतील. शिवाय सवय लागण्याआधी पोहोचायचे असेल तर सहावी हे वय योग्य आहे. दिल्ली आणि चेन्नई येथील 32 शाळांमध्ये 2004 ते 2006 या काळात झालेल्या 'मैत्री' या तंबाखूप्रतिबंधक चाचणीतही सहावीपासूनची मुले घेतली होती.

दुसरी पायरी: कार्यक्रमाची साखळी कागदावर उतरवा

सत्र घेतल्यावर मूल मावा का खाणार नाही, याचे उत्तर कडी-कडीने लिहून काढा. माहिती मिळाली, म्हणून मत बदलले, म्हणून मित्राने पुडी पुढे केली तेव्हा नाही म्हणता आले, म्हणून सवय लागली नाही, अशी ती साखळी असेल. ती लिहिताना पुष्कळदा असे ध्यानात येते की आपली सगळी सत्रे पहिल्या कडीवर खर्च झाली आहेत आणि नाही म्हणण्याचा सराव कुठेच नाही. ही उणीव चाचणीनंतर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेली बरी.

त्याबरोबर सत्रे किती, प्रत्येक किती मिनिटांचे, कोण घेणार, कोणत्या भाषेत, शिक्षक गैरहजर असेल तर काय करायचे, हेही लिहा. दुसऱ्या गावातल्या अनोळखी कार्यकर्त्याला तुमच्या वर्णनावरून तोच कार्यक्रम जसाच्या तसा करता आला पाहिजे.

तिसरी पायरी: फलित ठरवा आणि ते मोजून पाहा

मुख्य फलित एकच ठेवा. ज्ञान, दृष्टिकोन, इरादा हे सगळे मोजता येते, पण त्यांना दुय्यम स्थान द्या. तंबाखूने कर्करोग होतो हे बरोबर सांगणारा मुलगा संध्याकाळी गल्ल्यावर उभा असू शकतो.

मोजणीची भाषा हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग आहे. वाडी भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आम्ही प्रश्नावली तपासत होतो. "तुम्ही तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का?" असा प्रश्न होता आणि वर्गातल्या सगळ्यांनी 'नाही'वर खूण केली होती. कागद गोळा करून मी व्हरांड्यात आले, तर एक मुलगा मागोमाग आला आणि हळूच म्हणाला, "ताई, मावा त्यात येतो का? मावा तर सुपारीचा असतो ना?" त्याने खोटे उत्तर दिले नव्हते. आमचा प्रश्नच त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता. त्यानंतर आम्ही 'सेवन' आणि 'तंबाखूजन्य' हे शब्द काढून टाकले, मावा, विडी, सिगारेट, खैनी आणि दातांना लावायची बजर यांची चित्रे छापली आणि विचारले, "गेल्या तीस दिवसांत यांपैकी काही तू एकदा तरी तोंडात घातलेस किंवा ओढलेस का?" बडोद्यासारख्या शहरात मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळा एकमेकींना लागून असतात, म्हणून प्रश्नावलीचे भाषांतर करून थांबू नका. ते दुसऱ्या कोणाकडून मूळ भाषेत परत आणवून घ्या आणि प्रत्येक माध्यमाच्या दहा-बारा मुलांना मोठ्याने वाचून दाखवून त्यांना काय समजले ते विचारा.

उत्तरपत्रिकेवर नाव नको, क्रमांक हवा. वर्गशिक्षक त्या वेळी खोलीत नसावेत. थोड्या मुलांच्या लाळेतून कोटिनाइन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारे द्रव्य, तपासता आले तर सांगितलेल्या उत्तरांचा पडताळा मिळतो, मात्र ही तपासणी गेल्या काही दिवसांतल्या वापराचीच साक्ष देते. महिनाभरापूर्वी एकदाच मावा खाल्लेले मूल तिच्यात दिसणार नाही. लाळेचा नमुना घ्यायचा तर त्याची वेगळी संमती लागते, हेही ध्यानात ठेवा.

चौथी पायरी: तुलना गट आणि चिठ्ठ्या

विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड जाते ती ही पायरी, म्हणून इथे थोडे जास्त थांबते.

पहिली पळवाट अशी सुचते की कार्यक्रमाआधी मोजू, नंतर मोजू आणि फरक काढू. पण सहावीतले मूल आठवीत जाते तेव्हा वयानेच तंबाखूचा वापर वाढतो, त्यामुळे उत्तम कार्यक्रमानंतरही आकडा वाढलेला दिसू शकतो. उलट, मधल्या काळात पोलिसांनी शाळांजवळचे गल्ले बंद केले तर निकामी कार्यक्रमही गुणकारी ठरेल. दुसरी पळवाट म्हणजे ज्या शाळांनी हौसेने होकार दिला त्यांत कार्यक्रम करायचा आणि नकार देणाऱ्यांशी तुलना करायची. होकार देणारे आणि नकार देणारे मुळातच वेगळे असतात, हे 1954 सालच्या अमेरिकेतल्या पोलिओ लशीच्या चाचणीइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल. ज्या भागांत चिठ्ठीसारख्या पद्धतीने लस किंवा खोटी लस दिली गेली, तिथे लस मिळालेल्या मुलांत दर लाखामागे 28 जणांना पोलिओ झाला आणि खोटी लस मिळालेल्यांत 71 जणांना. पण ज्यांच्या पालकांनी भाग घ्यायलाच नकार दिला त्या मुलांत हे प्रमाण 46 होते. मग नकार देणाऱ्यांना कुठून तरी लस मिळाली होती का? मिळाली नव्हतीच. होकार देणारी कुटुंबे सरासरीने अधिक सुस्थितीतली होती, त्यांच्या मुलांना लहानपणी हलका संसर्ग होऊन गेलेला नसे आणि म्हणून पुढे पोलिओचा धोका त्यांना जास्त होता. लस घेणाऱ्यांची तुलना नकार देणाऱ्यांशी केली असती, तर लशीचा गुण होता त्यापेक्षा बराच कमी दिसला असता.

लाभार्थ्यांचे समाधान हाही पुरावा नव्हे. अमेरिकेतल्या केंब्रिज-सॉमरव्हिल भागात 1939 साली 506 मुलांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतला एक मुलगा नाणे उडवून निवडून, त्याला काही वर्षे समुपदेशन, शिकवणी आणि शिबिरे असे सगळे दिले गेले. मुलांनी गुन्हेगारीकडे वळू नये हा उद्देश होता. तीस वर्षांनी संशोधिका जोन मॅकॉर्ड यांनी या मुलांचा पुन्हा शोध घेतला. कार्यक्रम मिळालेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांनी तो आपल्याला उपयोगी पडला असे सांगितले. पण 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दारूचे व्यसन, मानसिक आजार, पुन्हा पुन्हा गुन्हा करणे अशा अनेक बाबतींत कार्यक्रम मिळालेल्यांची स्थिती तुलना गटापेक्षा वाईट निघाली. तुलना गट नसता तर हा कार्यक्रम आदर्श म्हणून देशभर पसरला असता. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे सांगते, कारण चांगल्या हेतूने केलेल्या कामानेही मुलांचे नुकसान होऊ शकते, ही शक्यता मनाने स्वीकारल्याशिवाय तुलना गटाची गरज खऱ्या अर्थाने पटत नाही.

म्हणून कोणत्या शाळेत कार्यक्रम आणि कोणत्या शाळेत तुलना, हे चिठ्ठीने ठरवावे. मुख्याध्यापकांचा उत्साह, शाळेचे अंतर किंवा आपली ओळख यांवर नव्हे. इथे चिठ्ठी मुलांच्या नावाची टाकायची नाही, शाळेच्या नावाची टाकायची. एकाच वर्गातल्या निम्म्या मुलांना सत्र दिले आणि निम्म्यांना बाहेर बसवले, तरी मधल्या सुट्टीत सगळे एकच डबा खातात आणि सगळे बोलतात.

'शाळा' म्हणजे काय, हेही जागेवर जाऊन पाहावे लागते. महानगरपालिकेच्या एकाच इमारतीत सकाळच्या पाळीत एक शाळा आणि दुपारच्या पाळीत दुसरी, असे पुष्कळ ठिकाणी असते. नोंदवहीत त्यांचे क्रमांक वेगळे, मुख्याध्यापक वेगळे. आम्ही एकदा त्यांना दोन स्वतंत्र शाळा मानले, आणि सकाळची कार्यक्रमात व दुपारची तुलनेत गेली. पहिल्याच महिन्यात मी दुपारी मोजणीसाठी गेले तर भिंतीवर आमचीच भित्तिपत्रके होती आणि फळ्याच्या कोपऱ्यात सकाळच्या सत्रातला 'नाही म्हणायच्या पाच रीती' असा मजकूर तसाच राहिला होता. दुपारच्या शिक्षिका कौतुकाने म्हणाल्या, "छान आहे म्हणून आम्ही पण मुलांकडून लिहून घेतले." त्यांचे काहीच चुकले नव्हते. तेव्हापासून मी इमारत हे एकक धरते, आणि एका इमारतीतल्या सगळ्या पाळ्या एकाच गटात जातात.

चिठ्ठी टाकण्याआधी शाळांचे थर करा, म्हणजे मराठी माध्यमाच्या सगळ्या शाळा योगायोगाने एका बाजूला जाणार नाहीत. माध्यम आणि पटसंख्या हे दोन थर पुरेसे होतात. शाळांचा होकार, पालकांची संमती आणि पहिली मोजणी हे सगळे पूर्ण झाल्यावरच चिठ्ठी टाका. गट आधी कळला तर तुलना गटातल्या पालकांना संमतिपत्र पाठवताना आपला उत्साह कमी पडतो आणि दोन्ही गटांत वेगळ्या प्रकारची मुले जमतात. संगणकाने आकडे काढले तरी चालते, पण ते काम शाळांना न ओळखणाऱ्या व्यक्तीने करावे. आम्ही एकदा सर्व मुख्याध्यापकांना बोलावून, स्टीलच्या डब्यातून, सर्वांत ज्येष्ठ मुख्याध्यापिका बाईंच्या हाताने चिठ्ठ्या काढल्या. "आमची शाळा नेहमीच मागे का?" हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांनी डोळ्यांदेखत पाहिले होते.

काही वेळा चिठ्ठी शक्य नसते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील नवजात बालकांच्या घरगुती सेवेच्या अभ्यासात 39 गावांत सेवा दिली गेली आणि 47 गावांशी तुलना केली गेली. गावांची विभागणी चिठ्ठीने झाली नव्हती, पण आधीच्या काळातले मृत्यूही दोन्हीकडे काळजीपूर्वक मोजलेले असल्यामुळे 1999 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांना वजन आले. अशी बारीक आधारमोजणी शक्य असेल तरच चिठ्ठीविना जाण्याचा विचार करावा. आपल्याच बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण 1893 साली आधी अमरेली भागात सुरू केले आणि 1906 साली ते राज्यभर नेले. थोड्या जागी करून पाहावे आणि मग पसरवावे, ही शहाणी रीत आपल्याला नवी नाही. त्या रीतीला मोजलेल्या तुलनेची जोड देणे एवढेच आपले काम आहे.

पाचवी पायरी: मुले किती आणि शाळा किती

समजा, कार्यक्रमाशिवाय आठवीतल्या 12 टक्के मुलांनी गेल्या तीस दिवसांत तंबाखू वापरलेली असेल आणि कार्यक्रमाने हे प्रमाण 8 टक्क्यांवर यावे अशी आपली अपेक्षा आहे. एवढा फरक खरोखर असेल तर तो पकडण्याची शक्यता 80 टक्के आणि नसलेला फरक दिसण्याची शक्यता 5 टक्के, असे नेहमीचे निकष धरले तर सूत्राने प्रत्येक गटात सुमारे 880 मुले लागतात. बहुतेक प्रबंध इथेच थांबतात, आणि इथेच चूक होते.

एकाच शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात. त्यांच्या फाटकाबाहेरचा गल्ला एक, शिक्षक तेच, टोळकी तीच. म्हणून एका शाळेतली पन्नास मुले म्हणजे पन्नास स्वतंत्र साक्षी नव्हेत. हे सारखेपण ज्या आकड्याने मोजतात तो शाळांमधल्या तंबाखूच्या अभ्यासासाठी 0.02 धरू. दिसायला तो अगदी किरकोळ आहे. पण मुलांची संख्या ज्या गुणकाने वाढवावी लागते तो असा निघतो: एका शाळेतल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करा, त्याला 0.02 ने गुणा आणि त्यात एक मिळवा. दर शाळेत 50 मुले असतील तर हा गुणक 1.98, म्हणजे जवळजवळ दुप्पट. 880 ची 1,740 मुले झाली. दोन वर्षांत 15 टक्के मुले हातातून सुटतील असे धरले तर 2,050, आणि 50 च्या हिशेबाने प्रत्येक गटात 41 शाळा.

आता कोणी म्हणेल की शाळा कमी घेऊ आणि दर शाळेत 100 मुले घेऊ. करून पाहा. गुणक 2.98 होतो, मुले 3,080 च्या घरात जातात आणि शाळा तरीही 31 लागतात. मुले दीडपट झाली, शाळा फक्त दहा वाचल्या. शाळा वाढवण्याला मुले वाढवण्याचा पर्याय नसतो, हे या हिशेबातून हाताला लागते. आणि एक शाळा इकडे, एक शाळा तिकडे अशी आखणी तर कधीच करू नये. मग मुले कितीही असोत, दिसलेला फरक कार्यक्रमाचा की त्या दोन शाळांचा, हे जगातले कोणतेही गणित वेगळे काढू शकत नाही. इतक्या शाळा झेपत नसतील तर चाचणीचा हट्ट सोडून, कार्यक्रम शाळेत राबवता येतो का एवढाच छोटा अभ्यास प्रामाणिकपणे करावा. त्यालाही मोल आहे.

सहावी पायरी: संमती, समिती, नोंदणी

वर्तन बदलण्याच्या कार्यक्रमाला नव्या औषधासारखा केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना लागत नाही. पण नोंदणीकृत नैतिकता समितीची मान्यता लागतेच, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. शाळांमध्ये काम करण्यासाठी नगर प्राथमिक शिक्षण समिती किंवा जिल्हा शिक्षणाधिकारी यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

मुख्याध्यापकांची सही म्हणजे मुलाची संमती नव्हे, हे आपल्या शहराला तरी वेगळे सांगावे लागू नये. 2009 साली तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या दोन जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. तो एप्रिल 2010 मध्ये थांबवण्यात आला आणि 2013 साली संसदीय समितीने संमती घेण्याच्या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले. खम्ममच्या वसतिगृहांतल्या कित्येक मुलींच्या अर्जांवर पालकांऐवजी वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. लशीच्या गुणाचा प्रश्न वेगळा आहे; संमतीच्या त्या चुकीमुळे पालकांचा विश्वास गेला आणि त्याची किंमत पुढच्या प्रत्येक संशोधकाने मोजली. म्हणून पालकांसाठीचे पत्रक त्यांच्या घरच्या भाषेत, एका पानात, मोठ्या अक्षरांत लिहा, आणि नकार दिला तर मुलाच्या गुणांवर किंवा शाळेतल्या वागणुकीवर काहीही परिणाम होणार नाही हे वाक्य पहिल्या परिच्छेदात ठेवा. मुलाचा स्वतःचा होकारही हवा: सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी, बारानंतर लेखी. आपली सहावीतली काही मुले अकरा वर्षांची असतील; ती बारा पूर्ण करतील तेव्हा त्यांचा लेखी होकार घ्यायचे वेळापत्रक आधीच करून ठेवा. एखाद्या मुलाच्या उत्तरातून घरातला छळ किंवा गंभीर व्यसन उघड झाले तर कोणाला, कसे आणि किती कळवायचे, हेही समितीपुढे लिहून न्या.

मग भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदणी करा. ही नोंदणी जुलै 2007 मध्ये सुरू झाली, ती विनामूल्य आहे आणि 1 एप्रिल 2018 पासून पहिला सहभागी घेण्याआधीच ती करावी लागते. मागाहून केलेली चालत नाही. मुख्य फलित तिथे एकदा जाहीर झाले की पुढे सोयीचा आकडा पाहून ते बदलण्याचा मोह उरत नाही.

सातवी पायरी: रंगीत तालीम

चिठ्ठीत नसलेल्या दोन-तीन शाळांत सगळे एकदा करून पाहा. कार्यक्रमाचा गुण इथे मोजायचा नाही. तासिका पस्तीस मिनिटांची असताना आपले सत्र पन्नास मिनिटांचे आहे, संमतिपत्रे दप्तरातच राहतात, अशा गोष्टी इथे कळतात. वेळापत्रकात दिवाळीची सुट्टी, नवरात्र, उत्तरायण आणि मार्चच्या परीक्षा आधी भरा. नवरात्रात रात्री गरबा खेळून आलेल्या मुलांना सकाळी प्रश्नावली देऊ नये, एवढे सांगितले तरी पुरे.

आठवी पायरी: चाचणी चालू असताना

माझ्या सुरुवातीच्या एका अभ्यासात पहिल्या आणि दुसऱ्या मोजणीचे कागद जुळवताना आम्ही अक्षरशः रडकुंडीला आलो. शाळेच्या पटावर नाव गुजरातीत, मुलाने लिहिलेले मराठीत, आमच्या यादीत इंग्रजीत. कुठे वडिलांचे नाव मधे, कुठे आडनाव आधी. आणि हजेरी क्रमांक दर वर्षी बदललेला. बरीच मुले वर्गात समोर बसलेली असूनही आमच्या हिशेबातून गेली. आता आम्ही शाळेच्या जनरल रजिस्टरचा क्रमांक, ज्याला सगळे जीआर नंबर म्हणतात, तो वापरतो. मूल त्या शाळेत असेपर्यंत तो बदलत नाही. जीआर नंबर आणि आमचा अभ्यास क्रमांक यांची जोडयादी एकाच वहीत, कुलपात राहते.

गैरहजर मुलांसाठी पुन्हा जा, दोनदा जा. शाळेला दांडी मारणारे मूल आणि तंबाखू वापरणारे मूल पुष्कळदा एकच असते, त्यामुळे त्या दिवशी हजर असलेल्यांवर निकाल काढला तर दोन्ही गटांत खरे चित्र सौम्य होते. मोजणी करणाऱ्यांना कोणती शाळा कोणत्या गटात आहे हे सांगू नका. मुलांपासून ते लपवता येत नाही, पण कागद वाटणाऱ्यापासून येते.

सत्रे खरोखर किती झाली, याची नोंद महिन्याला ठेवा आणि काही सत्रांना मागच्या बाकावर बसून पाहा. शेवटी परिणाम दिसला नाही, तर कार्यक्रमच निरुपयोगी होता की तो झालाच नव्हता, हे या नोंदीवरूनच सांगता येते. तुलना शाळांत त्या काळात दुसऱ्या कोणी व्यसनमुक्तीची व्याख्याने दिली का, हेही लिहून ठेवा.

नववी पायरी: विश्लेषण आणि निकाल

विश्लेषण कसे करणार ते पहिल्या मोजणीआधी लिहून ठेवा. जी शाळा चिठ्ठीने ज्या गटात गेली, तिची मुले त्याच गटात मोजा, मग तिथे आठऐवजी तीनच सत्रे झालेली असली तरी. नीट सत्रे झालेल्या शाळा तेवढ्या वेचून घेतल्या की आपण पुन्हा हौशी आणि उदासीन शाळांची तुलना करू लागतो, आणि चिठ्ठीचे सगळे कष्ट वाया जातात. आकडेमोडीतही शाळेचे एकक विसरू नका. संख्याशास्त्राची मोठी प्रारूपे जमत नसतील तर प्रत्येक शाळेचे प्रमाण काढा आणि 41 शाळांच्या आकड्यांची दुसऱ्या 41 आकड्यांशी साधी तुलना करा. ती सरळ आहे आणि बरोबरही आहे. फक्त 'फरक लक्षणीय' असे लिहू नका. फरक किती टक्क्यांचा आणि त्याची शक्य मर्यादा कुठून कुठपर्यंत, ते द्या.

परिणाम न आढळला तरी तो प्रसिद्ध करा. तमिळनाडूतील चिंगलपेट येथे 1968 पासून झालेल्या क्षयाच्या बीसीजी लशीच्या प्रचंड चाचणीत फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण दिसले नाही. तो निकाल कोणालाच हवासा नव्हता, तरीही तो जगापुढे मांडला गेला आणि लशीच्या उपयोगाबद्दलची समज त्याने बदलली.

निकालाचे एक पान गुजरातीत आणि मराठीत लिहून प्रत्येक शाळेला स्वतः जाऊन द्या, तुलना शाळांना आधी. कार्यक्रम गुणकारी ठरला असेल तर तुलना शाळांना तो त्याच शैक्षणिक वर्षात मिळाला पाहिजे, आणि त्यासाठीचे पैसे, पुस्तिका आणि प्रशिक्षकांचे दिवस अगदी पहिल्या अंदाजपत्रकातच वेगळ्या ओळीत लिहिलेले असले पाहिजेत, कारण अनुदान संपल्यावर ते कोणीही देत नाही आणि स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढणाऱ्या बाईंना आपण तसा शब्द दिलेला असतो.